आकडा बरोबर, बातमी चूक

पत्र : मी एका दैनिकात उपसंपादक आहे. माझे शिक्षण साहित्याचे. विज्ञानाशी असलेला संबंध शाळेबरोबरच संपला. सहा महिन्यांपासून हवामान बदल आणि ऊर्जा या विषयांच्या बातम्या माझ्याकडे आल्या आहेत. वृत्तसंस्थांचा मजकूर, संशोधनसंस्थांची प्रसिद्धिपत्रके आणि कंपन्यांची निवेदने यांवरून मी त्या तयार करते. गेल्या महिन्यात माझ्या दोन बातम्यांवर एका निवृत्त अभियंत्यांचे खरमरीत पत्र आले. ‘२०२४ मध्ये जगाने १.५ अंशांची मर्यादा ओलांडली, पॅरिस करार मोडला’ हा मथळा चूक आहे आणि ‘५०० मेगावॅटचा सौर प्रकल्प तेवढ्याच क्षमतेच्या कोळसा प्रकल्पाची जागा घेईल’ हे वाक्य त्याहून चूक आहे, असे त्यांनी लिहिले आहे. मी आकडे पुन्हा पाहिले, तर दोन्ही मूळ मजकुरात तसेच होते. मग चूक कुठे झाली? विज्ञानाची पदवी नसलेल्या माणसाने अशा बातमीची शहानिशा तासाभरात कशी करावी? हवामान बदल न मानणाऱ्यांची बाजू द्यावी की नाही? आणि छापून गेलेल्या चुकीचे काय करावे? आमचे वरिष्ठ म्हणतात, ‘वाचकाला किंतु-परंतु नको असतात.’ — एक उपसंपादक

उत्तर : तुमचे अभियंते बरोबर आहेत आणि तुमचे आकडेही बरोबर आहेत. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हीच या विषयातली खरी अडचण आहे. गुन्हेगारीच्या किंवा राजकारणाच्या बातमीत आपण पहिल्यांदा विचारतो की हे घडले की नाही, तो असे बोलला की नाही. हवामानाच्या आणि ऊर्जेच्या बातम्यांत पूर्णपणे बनावट आकडा क्वचितच सापडतो. आकडा खराच असतो, पण प्रयोगशाळेतून प्रसिद्धिपत्रकात, तिथून वृत्तसंस्थेच्या मजकुरात आणि तिथून तुमच्या टेबलावर येईपर्यंत त्याच्या सोबतची माणसे वाटेत कुठेतरी उतरून गेलेली असतात. कशाच्या तुलनेत, किती वर्षांच्या सरासरीने, कोणत्या एककात, कोणत्या अटीवर, हे सांगणारे शब्द म्हणजे ती सोबत. म्हणून आकडा हाती आला की तो खरा आहे का, याबरोबरच तो कुठे जन्मला आणि तिथे त्याच्याबरोबर कोण होते, हे विचारायची सवय लावून घ्यावी लागते. त्याला विज्ञानाची पदवी लागत नाही. चिवटपणा लागतो, आणि साहित्याच्या विद्यार्थ्याला मूळ पाठ शोधण्याची सवय असतेच.

तुमचा १.५ अंशांचा आकडा घ्या. जागतिक हवामान संघटनेने जानेवारी २०२५ मध्ये जाहीर केले की २०२४ या वर्षाचे जागतिक सरासरी तापमान १८५० ते १९०० या काळातील सरासरीपेक्षा सुमारे १.५५ अंश सेल्सिअसने अधिक होते. त्याच वर्षासाठी युरोपच्या कोपर्निकस हवामान बदल सेवेने १.६० अंश हा आकडा दिला, आणि त्याच कोपर्निकसने १९९१ ते २०२० या काळाशी तुलना करून ०.७२ अंशही सांगितले. नासाचा आकडा १.२८ अंशांचा होता, कारण नासा १९५१ ते १९८० या काळाशी तुलना करते. एकच वर्ष, एकच पृथ्वी आणि चार आकडे, आणि चारही बरोबर. यांतले दोन आकडे एकाच परिच्छेदात शेजारी ठेवून ‘शास्त्रज्ञांमध्येच एकमत नाही’ असे लिहिलेल्या बातम्या मी पाहिल्या आहेत. तिथे मतभेद शास्त्रज्ञांत नव्हता, तुलनेच्या वर्षांत होता. आता पॅरिस कराराकडे या. २०१५ च्या त्या करारातील तापमानाचे उद्दिष्ट दीर्घकालीन तापमानवाढीविषयी आहे, असाच त्याचा अर्थ शास्त्रज्ञ लावतात, आणि हवामान बदलाविषयीचे आंतरसरकारी मंडळ, म्हणजे आयपीसीसी, तापमानवाढीची पातळी ठरवताना वीस वर्षांची सरासरी धरते. २०२४ च्या तापमानात दीर्घकालीन वाढीखेरीज एल निनोचाही, म्हणजे प्रशांत महासागराचे पाणी काही काळ तापवणाऱ्या नैसर्गिक घटनेचाही, काही हात होता. तेव्हा ‘एका वर्षाची सरासरी प्रथमच १.५ अंशांच्या वर गेली’ ही बातमी आहे, मोठी बातमी आहे. ‘करार मोडला’ हा मात्र मथळा देणाऱ्याने स्वतःच्या पदरचा जोडलेला निष्कर्ष आहे.

ओघाने एक सांगतो. परदेशी मजकुरात तापमानवाढ अनेकदा फॅरेनहाइटमध्ये असते. २.७ अंश फॅरेनहाइटची वाढ म्हणजे १.५ अंश सेल्सिअसची वाढ, कारण फरकाचे रूपांतर करताना बत्तीस वजा करायचे नसतात. हेच २.७ यंत्राने थेट रूपांतरित केले तर उणे १६ अंश असे उत्तर येते, आणि घाईच्या रात्री उणे चिन्ह गळून ‘१६ अंशांची वाढ’ छापली जाऊ शकते.

सौर प्रकल्पाच्या वाक्यातली चूक याच जातीची, पण अधिक खोल आहे, कारण ऊर्जेच्या निम्म्याहून अधिक बातम्या तिच्यावर उभ्या असतात. मेगावॅट हे वेगाचे माप आहे आणि युनिट, म्हणजे किलोवॅट-तास, हे प्रमाणाचे माप आहे. नळाची धार आणि बादलीतले पाणी यांत जो फरक आहे, तोच इथे आहे. ५०० मेगावॅटचा कोणताही प्रकल्प वर्षाचे सर्व ८,७६० तास पूर्ण क्षमतेने चालला, तर ४३८ कोटी युनिट वीज तयार होईल. सौर प्रकल्प रात्री चालत नाही आणि ढगाळ दिवशी कमी चालतो. त्याचा क्षमता वापर वर्षभरात २० टक्के धरला तर तीच संख्या ८७.६ कोटी युनिट होते. कोळशाचा प्रकल्पही वर्षभर पूर्ण क्षमतेने चालत नाही, म्हणून त्याच्याही बाबतीत प्रत्यक्ष निर्मितीचा आकडा मागावा लागतो. एकाची कागदावरची क्षमता आणि दुसऱ्याची प्रत्यक्ष निर्मिती अशी तुलना तर दोन्ही बाजूंचे प्रचारक सर्रास करतात. बॅटरीच्या बातमीत दोन्ही मापे लागतात. शंभर मेगावॅटची बॅटरी म्हणजे किती मोठी, हे ती किती तास चालते ते कळल्याशिवाय सांगता येत नाही; चारशे मेगावॅट-तासांची असेल तर पूर्ण क्षमतेने चार तास. ‘इतक्या लाख घरांना वीज मिळेल’ हे कंपन्यांचे आवडते वाक्य दिसले की एका घराचा वापर किती धरला आहे, हे विचारा, कारण तो देशागणिक कितीतरी पटींनी बदलतो. एकूण ऊर्जा आणि वीज यांची सरमिसळही इथेच होते. जगात अंतिम वापरात येणाऱ्या ऊर्जेत विजेचा वाटा ढोबळमानाने पाचव्या हिश्शाचा आहे. उरलेली ऊर्जा वाहनांत, कारखान्यांच्या भट्ट्यांत आणि घरे तापवण्यात थेट इंधनरूपाने जळते. म्हणून ‘अमुक देशाची निम्मी ऊर्जा आता नूतनीकरणक्षम’ असे वाचले की ती ऊर्जा की वीज, आणि वीज असेल तर क्षमता की निर्मिती, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आकडा कोणत्या सीमेच्या आत मोजला आहे, हा प्रश्न किती महत्त्वाचा आहे, हे डिसेंबर २०२२ मधल्या अणुसंमीलनाच्या, म्हणजे हलके अणू एकत्र जोडून ऊर्जा मिळवण्याच्या, बातमीने दाखवले. अमेरिकेतील नॅशनल इग्निशन फॅसिलिटी या प्रयोगशाळेत लेसरने इंधनाच्या गोळीवर २.०५ मेगाज्यूल ऊर्जा टाकली आणि संमीलनातून ३.१५ मेगाज्यूल बाहेर आली. दिली त्यापेक्षा जास्त मिळाली, हे अक्षरशः खरे होते आणि विज्ञानाच्या दृष्टीने तो फार मोठा क्षण होता. पण ते लेसर चालवायला सुमारे ३०० मेगाज्यूल वीज लागली होती. ‘अमर्याद स्वच्छ ऊर्जा हाती आली’ असे लिहिणाऱ्याने एकही आकडा खोटा दिला नाही. त्याने फक्त हिशेबाची चौकट कुठे आखली आहे ते सांगितले नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न, की शहानिशा करायची कशी. त्यासाठी एक जुने प्रकरण तपशिलाने सांगतो, कारण आपल्या धंद्याचाही त्यात हात होता. आयपीसीसीच्या २००७ च्या अहवालात, परिणामांविषयीच्या दुसऱ्या खंडात, हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होण्याची शक्यता फार मोठी आहे, असे वाक्य होते. संदर्भ दिला होता डब्ल्यूडब्ल्यूएफ या निसर्गसंवर्धन संस्थेच्या २००५ च्या अहवालाचा. त्या अहवालाचा आधार होता १९९९ मधला एका लोकप्रिय विज्ञान साप्ताहिकातला वृत्तलेख. म्हणजे बातमी अहवालात गेली, तो अहवाल आणखी मोठ्या अहवालात गेला, आणि तिथून ती ‘शास्त्रज्ञांचा इशारा’ होऊन जगभरच्या बातम्यांत परत आली. त्याआधी, १९९६ मध्ये, एका रशियन शास्त्रज्ञाच्या अहवालात ध्रुवीय प्रदेशांबाहेरच्या हिमनद्या मोठ्या प्रमाणात आक्रसण्यासाठी २३५० हे साल दिले होते. त्या अंकांचीच कुठेतरी उलटापालट झाली असावी, असा तर्क अनेकांनी केला. जानेवारी २०१० मध्ये आयपीसीसीने चूक मान्य केली.

या प्रकरणातली मला सर्वांत शिकण्यासारखी वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. त्याच परिच्छेदात हिमालयातील हिमनद्यांचे क्षेत्र सुमारे ३० लाख हेक्टर असल्याचे म्हटले होते आणि काही ओळींनंतर ते ५ लाख चौरस किलोमीटरवरून १ लाखावर येईल, असे लिहिले होते. एका चौरस किलोमीटरमध्ये शंभर हेक्टर असतात. तेव्हा ३० लाख हेक्टर म्हणजे ३० हजार चौरस किलोमीटर. पाच लाख आले कुठून? हे कोणाच्या लक्षात यायला हिमनदीशास्त्र लागत नव्हते, एक गुणाकार-भागाकार पुरेसा होता. तुम्ही तासाभरात करू शकाल अशी शहानिशा ही अशी असते. मजकुरातले दोन आकडे एकमेकांशी जुळतात का, ते पाहायचे. संदर्भ एक पायरी मागे जाऊन उघडायचा, आणि तो दुसऱ्या एखाद्या बातमीकडेच नेत असेल तर थांबायचे. आयपीसीसीच्या धोरणकर्त्यांसाठीच्या सारांशात प्रत्येक विधानानंतर महिरपी कंसात मूळ प्रकरणाचा आणि उपविभागाचा क्रमांक दिलेला असतो. तो बहुतेक पत्रकार ओलांडून जातात. त्या क्रमांकावरून मूळ प्रकरणातला परिच्छेद उघडायला पाच मिनिटे लागतात, आणि तिथे बहुधा ती अट सापडते जी सारांशात आखूड झालेली असते.

शोधनिबंधावरची बातमी असेल तर प्रसिद्धिपत्रक बाजूला ठेवून निबंध उघडा. समीकरणे सोडून द्या. सारांश, आकृत्यांखालच्या ओळी आणि शेवटाकडे लेखकांनी स्वतःच्या कामाच्या मर्यादा जिथे मांडलेल्या असतात तो भाग, एवढे वाचा. निबंध तज्ज्ञ-परीक्षणातून गेला आहे की अजून प्रीप्रिंट आहे, हे वाचकाला सांगा. मग त्या अभ्यासात सहभागी नसलेल्या, पण त्याच उपशाखेत काम करणाऱ्या एखाद्या शास्त्रज्ञाला एकच प्रश्न विचारा, की या निष्कर्षातला कोणता भाग तुम्हाला पक्का वाटतो आणि कोणता नाही. ‘तुमची प्रतिक्रिया काय’ असे विचारले की प्रतिक्रिया मिळते; हा प्रश्न विचारला की माहिती मिळते.

तुमच्या वरिष्ठांचे किंतु-परंतुविषयीचे मत मला अर्धवट पटते. वाचकाला मोघमपणा नको असतो, हे खरेच आहे. पण आयपीसीसीची शक्यतेची भाषा मोघम नसून मोजलेली आहे. तिथे ‘शक्यता आहे’ या अर्थाचा शब्द ६६ टक्क्यांहून अधिक संभाव्यतेसाठी राखलेला आहे, ‘दाट शक्यता’ ९० टक्क्यांच्या वर, आणि ‘जवळजवळ निश्चित’ ९९ टक्क्यांच्या वर. आपण मात्र या तिन्हींसाठी ‘शक्यता वर्तवली’ असे एकच साचेबंद क्रियापद वापरतो, आणि ९९ टक्क्यांची गोष्ट पावसाच्या अंदाजासारखी वाटू लागते. त्याहून नाजूक शब्द ‘अनिश्चितता’ हा आहे. रोजच्या मराठीत त्याचा अर्थ होतो, काही ठरलेले नाही, कोणालाच ठाऊक नाही. विज्ञानात तो मापाचा पल्ला असतो. आयपीसीसीने २०२१ मध्ये सांगितले की २०११ ते २०२० या दशकातले तापमान १८५०–१९०० पेक्षा १.०९ अंशांनी अधिक होते, आणि पल्ला दिला ०.९५ ते १.२० अंशांचा. या पल्ल्यात शून्य कुठेही येत नाही. ‘या आकड्यात अनिश्चितता आहे’ असे लिहिण्याऐवजी ‘वाढ ०.९५ ते १.२० अंशांच्या दरम्यान आहे, सर्वांत जवळचा अंदाज १.०९’ असे लिहा. वाक्य तेवढेच राहते, किंतु-परंतु एकही येत नाही आणि वाचकाला पूर्ण गोष्ट कळते. त्याच अहवालात मानवी प्रभावामुळे वातावरण, समुद्र आणि जमीन तापली हे ‘निःसंशय’ आहे, असेही म्हटले आहे. जिथे शास्त्रज्ञांनीच निःसंशय म्हटले आहे तिथे आपण ‘असा दावा शास्त्रज्ञांनी केला’ असे लिहिणे हाही चुकीचाच अनुवाद आहे.

आपल्या भाषेने घातलेले आणखी काही पेच तुम्हालाच सोडवावे लागतील, कारण वृत्तसंस्थेचा मजकूर ते सोडवून देत नाही. आजच्या आकाशाची स्थिती आणि तीस वर्षांची सरासरी, या दोन्हींना आपण ‘हवामान’च म्हणतो, म्हणून ‘कालचे हवामान थंड होते, मग हवामान बदल कुठे आहे’ हा प्रश्न मराठीत जितका सहज उभा राहतो तितका दोन वेगळे शब्द असलेल्या भाषेत राहत नाही. पहिल्या अर्थासाठी ‘आजची हवा’ किंवा ‘हवेची स्थिती’ असे लिहून तुम्ही हा घोळ निम्मा कमी करू शकता. ‘तीन पटींनी वाढले’ याचा अर्थ तिप्पट झाले की चौपट, हे लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही. सरळ ‘तिप्पट झाले’ लिहा. वाटा २० टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर गेला तर ती दहा टक्केबिंदूंची वाढ आहे आणि पन्नास टक्क्यांची वाढ आहे. ‘दहा टक्क्यांनी वाढला’ हे तेवढे चूक. एक गिगाटन म्हणजे एक अब्ज टन, म्हणजे शंभर कोटी टन. तेव्हा जगाचे जीवाश्म इंधनांतून होणारे वार्षिक उत्सर्जन सुमारे ३७ अब्ज टन, म्हणजे ३,७०० कोटी टन कार्बन डायऑक्साइड आहे. इथे ‘कार्बन’ हा आखूड शब्द वापरलात तर आकडा बदलतो, कारण एक टन कार्बन जळून ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड होतो. जुन्या निबंधांत आकडे कार्बनमध्ये आणि नव्या अहवालांत कार्बन डायऑक्साइडमध्ये असले की उत्सर्जन जवळजवळ चौपट झाल्याचा भास होतो. मिथेन धरून ‘समतुल्य’ आकडा, म्हणजे इतर वायूंचा परिणाम कार्बन डायऑक्साइडच्या मापात मोजलेला आकडा, दिला असेल तर तो शंभर वर्षांच्या हिशेबाने की वीस वर्षांच्या, हे विचारा. पहिल्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या २८ पटींच्या आसपास धरला जातो, दुसऱ्यात ८० पटींच्या.

अटीची सोबत सुटण्याची जागा म्हणजे भविष्याविषयीच्या बातम्या. मे २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचा, म्हणजे जेवढे हवेत सोडले तेवढे काढून घेण्याचा, एक मार्ग मांडला. त्या मार्गावर जायचे असेल तर आधीच मंजूर झालेल्यांपलीकडे नवी तेल व वायू क्षेत्रे लागत नाहीत, असे त्यात होते. बातम्यांत ‘असेल तर’ गळाले आणि तो संस्थेचा आदेश झाला. आयपीसीसीच्या २०१८ च्या अहवालाचेही तसेच झाले. १.५ अंशांवर थांबायचे तर २०३० पर्यंत निव्वळ कार्बन डायऑक्साइड उत्सर्जन २०१० च्या तुलनेत सुमारे ४५ टक्क्यांनी घटवावे लागेल, या विधानाचा ‘पृथ्वी वाचवायला फक्त बारा वर्षे’ असा मथळा झाला, आणि पुढे तोच मथळा ‘बघा, काही झाले नाही’ म्हणणाऱ्यांच्या कामी आला. ‘जर–तर’ ही जोडी मराठीत छान चालते. ती मथळ्यात बसत नसेल तर पहिल्या वाक्यात तरी बसवा.

तासाभराचा प्रश्न खऱ्या अर्थाने बिकट होतो तो उष्णतेची लाट, पूर किंवा वीज जाणे अशा चालू घटनांत. तिथे कारण सांगण्याची घाई सर्वांनाच असते. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमध्ये थंडीने वीज गेली तेव्हा गोठलेल्या पवनचक्कीवर हेलिकॉप्टरने फवारणी करतानाचे छायाचित्र फिरले. ते स्वीडनमधले आणि काही वर्षे जुने होते. पवनचक्क्या तिथे खरोखर बंद पडल्या होत्या, पण नियामकांच्या चौकशीत बंद पडलेल्या किंवा क्षमता घटलेल्या संचांपैकी ५८ टक्के नैसर्गिक वायूवरचे असल्याचे दिसले. २८ एप्रिल २०२५ रोजी स्पेन आणि पोर्तुगाल अंधारात गेले, तेव्हा पोर्तुगालच्या ग्रिडचालक कंपनीच्या नावाने ‘दुर्मिळ वातावरणीय घटना’ हे कारण जगभर छापले गेले. आपण असे निवेदन दिलेच नाही, असे त्या कंपनीला सांगावे लागले. कोणी सायबर हल्ला म्हटले, कोणी सौरऊर्जेला दोष दिला. जूनमध्ये स्पेनच्या सरकारी अहवालाने व्होल्टेज बेसुमार वाढत जाऊन यंत्रणा साखळीने बंद पडल्याचे सांगितले, आणि व्होल्टेज आवरण्याची व्यवस्था अपुरी नियोजित असल्याचे व ज्या पारंपरिक केंद्रांवर ती जबाबदारी होती त्यांनी ती पुरती पार न पाडल्याचेही नोंदवले. त्या पहिल्या संध्याकाळी लिहिता येण्यासारखे प्रामाणिक वाक्य एकच होते, की वीज अमुक वाजता गेली, इतक्या भागात परत आली आणि कारणाची चौकशी अमुक यंत्रणा करत आहे. ते वाक्य कोरडे आहे, पण दुसऱ्या दिवशी खोडावे लागत नाही.

उष्णतेच्या लाटेत ‘हे हवामान बदलामुळे झाले का’ या प्रश्नाला हो किंवा नाही असे उत्तर देऊ नका. कॅनडातील लिटन या गावी २९ जून २०२१ रोजी ४९.६ अंश तापमान नोंदले गेले, तेव्हा वर्ल्ड वेदर अ‍ॅट्रिब्युशन या गटाने थोड्याच दिवसांत विश्लेषण करून सांगितले की मानवनिर्मित तापमानवाढ नसती तर अशी लाट जवळजवळ अशक्य होती. अशा विश्लेषणात दोन वेगळी उत्तरे असतात. घटना घडण्याची शक्यता किती पट वाढली हे एक, आणि ती किती अंशांनी तीव्र झाली हे दुसरे. दोन्हींची गल्लत करू नका, आणि विश्लेषण आले नसेल तर कार्यकारणभाव जोडू नका. प्रत्येक पुराला आणि वादळाला असे स्वच्छ उत्तर मिळत नाही. उष्णतेच्या लाटांत ते सर्वांत स्पष्ट मिळते.

दुसऱ्या बाजूच्या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे की बाजू मताला असते, मापाला नसते. मॅक्सवेल आणि ज्युल्स बॉयकॉफ या संशोधकांनी २००४ मध्ये चार मोठ्या अमेरिकी वृत्तपत्रांतल्या १९८८ ते २००२ या काळातील बातम्या तपासल्या, तेव्हा निम्म्याहून थोड्या अधिक बातम्यांत मानवी कारणाला मानणारे आणि न मानणारे यांना साधारण सारखी जागा दिल्याचे त्यांना आढळले. शास्त्रीय साहित्यात मात्र अशी बरोबरी नव्हती. वाचकाला वाद दिसला, तो जिथे दिसला तिथे नव्हताच. पण याचा अर्थ सगळे वाद संपले असा घेऊ नका. ढगांचा परिणाम, अटलांटिक महासागरातल्या प्रवाहांचे भवितव्य, बर्फाचे थर किती वेगाने ढासळतील, यांवर शास्त्रज्ञांत खरा मतभेद आहे आणि तो छापण्याजोगा आहे. अणुऊर्जा हवी की नको, कार्बनवर कर असावा की नसावा, खर्च कोणी सोसावा, हे तर मूल्यांचे आणि पैशांचे प्रश्न आहेत. तिथे एकच आवाज छापणे ही चूक ठरेल. मानवी कारणाबाबतच्या एकमताचा आकडा देतानाही काळजी घ्या. २०१३ मधल्या ज्या अभ्यासावरून ‘९७ टक्के शास्त्रज्ञ’ असे म्हटले जाते, त्यात सुमारे १२ हजार निबंधांचे सारांश पाहिले होते. ज्यांत कारणाविषयी काही भूमिका घेतली होती अशा साधारण एक तृतीयांश सारांशांपैकी ९७ टक्क्यांनी मानवी कारण मान्य केले होते. आकडा बरोबर, पण तो शास्त्रज्ञांचा नसून सारांशांचा आहे.

जो आकडा आपल्याला आवडतो त्याची शहानिशा आपण सर्वांत कमी करतो, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो. ऑक्टोबर २०१८ च्या अखेरीस ‘नेचर’मध्ये एक निबंध आला, ज्यानुसार समुद्र पूर्वीच्या अंदाजापेक्षा ६० टक्के अधिक उष्णता शोषत होते, असे बातम्यांत झळकले. मीही तो आकडा एका लेखात उत्साहाने वापरला. काही दिवसांतच निक लुईस या ब्रिटिश टीकाकाराने, ज्याची गणना हवामान बदलाविषयीच्या साशंकांत होते, त्यातली गणिती चूक दाखवली. निबंधाचे सहलेखक राल्फ कीलिंग यांनी ती मान्य केली. अनिश्चिततेचा पल्ला बराच रुंद निघाला आणि सप्टेंबर २०१९ मध्ये निबंध मागे घेण्यात आला. समुद्र तापत आहेत हे इतर स्वतंत्र मोजमापांवरून तेव्हाही ठाम होते आणि आजही आहे. पण मूळ बातमी पहिल्या पानावर छापणाऱ्यांपैकी कितींनी माघारीची बातमी कुठे छापली, हे पाहिले तर आपल्या धंद्याविषयी फार बरे वाटत नाही. मी ज्या नियतकालिकात लिहीत होतो त्याने माझी दुरुस्ती छापलीच नाही, आणि मीही पाठपुरावा केला नाही.

म्हणून तुमची दुरुस्ती लवकर, स्पष्ट आणि मूळ बातमीइतक्याच ठळक जागी यावी. मूळ मजकूर गुपचूप बदलू नका. काय चुकले होते ते सांगा, नाहीतर ज्याने चुकीचे वाचले त्याला आपण चुकीचे वाचले हे कळतच नाही. तुमच्या दोन बातम्यांसाठी मी असे लिहिले असते : ‘२०२४ च्या तापमानाविषयीच्या बातमीच्या मथळ्यात पॅरिस करार मोडल्याचे म्हटले होते. ते चूक आहे. जागतिक हवामान संघटनेनुसार त्या वर्षाची सरासरी १८५०–१९०० च्या तुलनेत सुमारे १.५५ अंशांनी अधिक होती. करारातील उद्दिष्ट दीर्घकालीन सरासरीचे आहे आणि ते एका वर्षावरून ठरत नाही. तसेच, ५०० मेगावॅटचा सौर प्रकल्प तेवढ्याच क्षमतेच्या कोळसा प्रकल्पाची जागा घेईल, हे विधानही चूक आहे. समान क्षमतेच्या सौर प्रकल्पातून वर्षभरात मिळणारी वीज सामान्यतः कमी असते आणि रात्री ती मिळत नाही. प्रकल्पाच्या अपेक्षित वार्षिक निर्मितीचा आकडा कंपनीकडे मागितला आहे.’ शेवटचे वाक्य छापण्याआधी तो आकडा खरोखर मागा. आणि दुरुस्तीची एक प्रत त्या निवृत्त अभियंत्यांना आभाराच्या चार ओळींसह पाठवून, पुढच्या वेळी मेगावॅटची बातमी आली तर रात्री नऊला फोन केलेला चालेल का, हेही विचारून ठेवा.